मोजे आणि मोजमाप

हल्लीं असें एकत्र कुटुंब विरळाच कीं ज्याची एखादी शाखा समुद्रापलीकडे गेलेली नाहीं. पूर्वीं मुलगा पुण्या-मुंबईस राहिला तरी घर त्यास दूर गेला म्हणे. आतां नातवंडें अशा देशांत वाढतात कीं जेथें पौष-माघांत पारा शून्याखालीं वीस अंश उतरला तरी वर्तमानपत्रांस त्याचें नवल वाटत नाहीं. अशाच एका घरांतील वाचक भगिनींनीं आम्हांस विचारलें आहे कीं, कॅनडांतील कन्या, जांवई, दोन नातवंडें आणि विहीणबाई या पांच जणांसाठीं लोंकरीचे उबदार हातमोजे स्वहस्तें विणून पाठवावयाचे झाल्यास ते कसे असावे, लोंकर कोणती घ्यावी, आणि तयार माल दुकानांत हवा तेवढा मिळत असतां हा खटाटोप मुळांत करावा कीं नाहीं. पहिले दोन प्रश्न हातांचे आहेत, तिसरा मनाचा आहे. तिन्हींचीं उत्तरें यथामति देतों.

विणकाम हा शाळामास्तराचा विषय नव्हे, असें कोणी म्हणेल. परंतु छत्तीस वर्षें फळ्यावर त्रैराशिक मांडलेल्या मनुष्यास, टांके मोजीत बसलेल्या स्त्रीचें काम परकें वाटण्याचें कारण नाहीं. शिवाय आमच्या घरांत बहीण आणि सून दोघीही विणतात; पुढें दिलेलें गणित त्यांच्या सुयांवर पडताळून घेतलेलें आहे.

प्रथम वस्तूची ओळख. 'मोजा' हा शब्द फारसींतून आला. तेथें त्याचा अर्थ बूट असा आहे. पायांतील बुटाचें नांव मराठींत हातांवर चढलें, ही त्याची बढतीच म्हणावयाची. हातमोज्यांचे प्रकार दोन. एकांत पांचही बोटांस वेगवेगळीं घरें असतात. दुसऱ्यांत चारी बोटें एकाच पिशवींत राहतात आणि आंगठ्यास तेवढी निराळी खोली असते. या दुसऱ्या प्रकारास इंग्रजींत मिटन म्हणतात. आपण सोयीसाठीं त्यांस मुठीचे मोजे म्हणूं. कडक थंडींत हेच अधिक उबदार, आणि त्याचें कारण समजण्यासारखें आहे.

थंडी वाढली कीं शरीर प्रथम हृदय, मेंदू इत्यादि मर्मस्थानांची ऊब राखतें आणि हातापायांच्या टोंकांकडील रक्तवाहिन्या आकुंचित करतें. संकटकाळीं राजानें सीमेवरील चौक्या सोडून राजधानीचा बंदोबस्त करावा, तसाच हा प्रकार. बोटें हालविणारे मुख्य स्नायू तळहातांत आणि कोंपराखालच्या भागांत असतात. बोटांत ते जवळ जवळ नाहींतच. तेव्हां स्वतः ऊब निर्माण करण्याची शक्ति बोटांस नाहीं. रक्तानें आणलेली ऊब जपून ठेवणें एवढेंच त्यांच्या हातीं. आतां हिशेब पाहा. मध्यम बांध्याच्या स्त्रीच्या एका बोटाचा घेर ६ सेंटिमीटर धरला तर चार बोटांचा मिळून २४ होतो. तींच बोटें जुळवून त्यांच्याभोंवतीं दोरा गुंडाळला तर तो १८ च्या आसपास भरतो. म्हणजे थंडीस सामोरा जाणारा पृष्ठभाग सुमारें चौथाईनें घटला, आणि एका बोटाची ऊब शेजारच्या बोटास मिळूं लागली. एकत्र कुटुंबाच्या कैवाऱ्यांस येथें आयता दृष्टान्त सांपडला असें वाटेल. पण आंगठ्यास वेगळी खोली दिलेली आहे, आणि ती दिल्यावांचून हाताचें काम चालत नाहीं, हें त्यांनीं विसरूं नये.

आपल्याकडे या वस्तूची गरज क्वचित्. निफाडकडे थंडीच्या लाटेंत द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवाव्या लागतात हें खरें. तरी महाराष्ट्रांतील थंडी शाल, कानटोपी आणि चुलीपुढची जागा यांवर भागत आलेली आहे. सुयांवरचें विणकाम आपल्याकडे अर्वाचीनच. आपण मागावरच्या कामासही 'विणणें' म्हणतों आणि सुयांवरच्या कामासही 'विणणें'च म्हणतों, यावरूनही दुसरें मागाहून आलें आणि पहिल्याच्या नांवावर राहिलें असें दिसतें. तेव्हां घरादाराचे मोजे विणणें म्हणजे काय हें पाहावयाचें तर जेथें तें जीवनाचा भाग होतें त्या देशांत गेलें पाहिजे.

असा एक देश बाल्टिक समुद्राच्या पूर्व कांठीं आहे. त्याचें नांव लाट्व्हिया, राजधानी रीगा. वस्ती वीस लाखांहूनही कमी. १९१८ सालीं तो स्वतंत्र झाला, १९४० सालीं सोव्हिएट सत्तेखालीं गेला, आणि १९९१ सालीं पुनः स्वतंत्र झाला. संस्कृत जाणणाऱ्या वाचकांस या देशाच्या भाषेंत पाऊल ठेवतांच ओळखीचे चेहरे दिसूं लागतील. लोंकरीस तेथें 'विल्ना' म्हणतात. तो आपल्या 'ऊर्णा' शब्दाचा सगोत्र. मेंढीस जुना शब्द 'अव्स', आपला 'अवि'. हिंवाळा म्हणजे 'झिएमा'; आपलें 'हिम' आणि 'हेमन्त'. चाक म्हणजे 'रत्स', आपला 'रथ'. आणि सूत कातण्याच्या चरख्यास ते त्याच शब्दाचें लघुरूप वापरतात. थंडी, मेंढी, लोंकर आणि चरखा, म्हणजे मोज्याची सगळी सामग्री, संस्कृताच्या दूरच्या बहिणीच्या घरांत जशीच्या तशी मांडून ठेवलेली आहे. मात्र येथें एक सावधगिरी हवी. भाषा एका मूळच्या असल्या म्हणजे चालीरीतीही एकाकडून दुसऱ्याकडे गेल्या असें होत नाहीं. पुढें जें साम्य दिसेल तें मनुष्यस्वभावाचें समजावें.

त्या देशांत मुलगी लहानपणींच, गुरें राखतां राखतां, सुया हातीं धरी. विवाहाच्या वयास येईपर्यंत तिनें आपली एक पेटी भरावयाची असे. त्या पेटींत कमरपट्टे, शाली, पायमोजे आणि सर्वांत अधिक हातमोजे असत. सधन घरच्या मुलीच्या पेटींत शंभराहून अधिक जोड असणें ही कांहीं अपूर्वाई नव्हती. इतके मोजे कशासाठीं? तर विवाहाच्या दिवशीं तिनें ते वांटावयाचे. नवरदेवास एक जोड, सासूसासऱ्यांस एकेक, दीर-नणंदांस, वऱ्हाडांतील मानकऱ्यांस, गाडी हांकणारालाही एक जोड. नव्या घरांत पाऊल ठेवल्यावर चुलीपाशीं, विहिरीपाशीं, गोठ्यांत अशा जागींही ती मोजे किंवा पट्टे ठेवी. ज्या घरांत आपणांस जन्म काढावयाचा त्याच्या प्रत्येक कोपऱ्यास तिनें केलेला तो नमस्कारच होय. मोजे केवळ थंडीचे नव्हेत, समारंभाचेही होते. भर उन्हाळ्यांतील लग्नांत ते कमरपट्ट्यांत खोंवून मिरवीत असत.

या चालीचें प्रतिबिंब त्यांच्या लोकगीतांत पडलें आहे. क्रिश्यानिस बारोन्स (१८३५–१९२३) या विद्वानानें अशीं गीतें गोळा करून १८९४ ते १९१५ या काळांत प्रसिद्ध केलीं. त्यांची संख्या दोन लाखांवर आहे. बहुतेक गीतें चार चरणांचीं. आपल्या जात्यावरच्या ओव्यांप्रमाणें तींही मुख्यतः स्त्रियांच्या तोंडीं वाढलीं, आणि मोजे विणणारी मुलगी त्यांत पुनः पुनः भेटते. गीतांच्या चिठ्ठ्या ठेवण्यासाठीं बारोन्स यांनीं करविलेलें कपाट आज राष्ट्राचें धन म्हणून जतन केलेलें आहे.

येथवर वाचून आमच्या कित्येक वाचक भगिनींच्या मनांत रुखवताची आठवण झाली असेल, आणि कित्येकींच्या मनांत शंका. शंका रास्त आहे. शंभर जोड मोजे म्हणजे कित्येक हिंवाळे. ते विणणाऱ्या मुलीस विचारून कोणी ती संख्या ठरविली नव्हती. पेटी उघडली कीं नवऱ्याकडील बायका मोजे उलटसुलट करून पाहात. टांका सारखा आहे कीं नाहीं यावरून मुलीची किंमत करीत. आपल्याकडे हुंड्यास १९६१ सालच्या कायद्यानें बंदी झाली. पण रुखवताचें ताट पाहून नाकें मुरडण्यास कोणता कायदा बंदी करणार? जेथें देणाराच्या मनाऐवजीं घेणाराची मोजदाद सुरू होते तेथें देणगीचा कर होतो, मग तो लोंकरीचा असो कीं चांदीचा.

तथापि आम्ही त्या चालीस सरसकट दोषही देणार नाहीं. दोन गोष्टी तिच्या बाजूनें सांगण्यासारख्या आहेत. एक अशी कीं, ही देणगी बापाच्या पिशवींतून निघत नसे, मुलीच्या हातांतून निघे. बापास कर्ज काढून मोजे विकत आणतां आले असते तर त्या चालीचें काय झालें असतें हें आपण आपल्या अनुभवावरून ओळखूं शकतों. दुसरी अशी कीं, मोजा हातास बसावा लागतो. दागिना कोणाच्याही गळ्यांत शोभतो. मोजा मात्र सासऱ्यांच्या पंजास, दिराच्या पंजास, लहानग्या नणंदेच्या पंजास वेगवेगळा हवा. म्हणजे ज्या घरांत जावयाचें तेथील प्रत्येक मनुष्याचा हात मुलीस विचारांत घ्यावा लागे. आमच्या मतें या चालींतील जतन करण्याजोगा अंश तो हाच. टाकण्याजोगा अंश शंभराचा आंकडा.

या देशाच्या मोज्यांनीं पुढें बरेच प्रसंग पाहिले. २५ मार्च १९४९ रोजीं सुरू झालेल्या धरपकडींत सोव्हिएट सत्तेनें बेचाळीस हजारांहून अधिक माणसें लाट्व्हियांतून उचलून सैबेरियांत पाठविलीं. त्यांत पुष्कळशा स्त्रिया व मुलें होतीं. घाईघाईनें बांधलेल्या गांठोड्यांतून विणलेले मोजे गेले, आणि पुढें त्या दूरदेशीं कित्येक स्त्रियांनीं विणून दिलेल्या मोज्यांच्या मोबदल्यांत बटाटे व भाकरी मिळविल्या. रुखवताची कला अन्नाची कला झाली. पुढें २००६ सालच्या नोव्हेंबरांत रीगा येथें नाटो राष्ट्रांची परिषद भरली तेव्हां यजमानांनीं पाहुण्यांस हातानें विणलेल्या मोज्यांचे ४,५०० जोड भेट दिले. विवाहांत वऱ्हाडास मोजे वांटणाऱ्या वधूचीच रीत राष्ट्रानें पाळली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

मोज्यांवरील नक्षीविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. प्रत्येक परगण्याची नक्षी आणि रंग निराळे. सूर्य, चांदणी, धान्याचें कणीस अशा आकृति त्यांत असतात. आठ टोंकांच्या एका चांदणीस 'आउसेक्लिस' म्हणतात. ती पहांटेची चांदणी, आणि तिच्या नांवाचें मूळ आपल्या 'उषस्' शब्दाच्या मुळाशीं एकच आहे. या आकृतींचे जे गूढ अर्थ आज सांगितले जातात त्यांतील बरेचसे १९२० ते १९४० च्या दरम्यान तेथील कलावंत व लेखक यांनीं नीट मांडले. ते सर्वच्या सर्व पुरातन आहेत असें मात्र समजूं नये. त्यांत आपलें स्वस्तिकही आहे. त्यास ते 'अग्नीचा क्रॉस' म्हणतात, आणि अग्नीस त्यांचा शब्द 'उगुन्स'. हें वाचून कोणा आजीस नातवाच्या मोज्यावर स्वस्तिक काढण्याचा मोह होईल. आमची नम्र विनंती कीं तो आवरावा. जर्मनींतील नाझी राजवटीनें त्या चिन्हाचा जो दुरुपयोग केला त्यामुळें पाश्चात्य देशांत तें पाहतांच लोकांच्या अंगावर कांटा येतो. देव्हाऱ्यापुढील रांगोळींत स्वस्तिक निर्मळच आहे; पण शाळेच्या अंगणांत सहा वर्षांच्या मुलास त्याचें भाष्य करावें लागूं नये. कमळ, शंख, वेलबुट्टी यांस कोणाची हरकत नाहीं.

नक्षी केवळ शोभेची नाहीं हेंही ध्यानांत घ्यावें. दोन रंगांनीं विणतांना जो रंग पुढें नसतो त्याचा धागा मागून जातो. त्यामुळें मोजा दुपदरी होतो आणि मधली हवा कोंडली जाते. ऊब खरी देतो तो हा कोंडलेल्या हवेचा थर. लोंकरीचा तंतु मुळांतच नागमोडी असल्यामुळें तो हवा धरून ठेवतो. शिवाय आपल्या वजनाच्या सुमारें तीन दशांश इतकी वाफ शोषूनही तो हातास ओला लागत नाहीं, आणि वाफ शोषतांना किंचित् उष्णताही बाहेर टाकतो.

आतां लोंकरीची निवड. आपल्या दख्खनी मेंढीची लोंकर राठ. धनगरांच्या घोंगडीस ती उत्तम, पाऊस-वारा दोन्हीं सोसते. पण नाजूक कातडीस ती टोंचते. मोज्यांसाठीं मेरिनो मेंढीची मऊ लोंकर घ्यावी. आपल्या बाजारांत 'लोकर' म्हणून जें विकलें जातें त्यांतील पुष्कळसें ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा असतो. तो स्वस्त, रंगानें भडक, धुण्यास सोपा. परंतु वाफ शोषण्याचा गुण त्यांत नाहीं. परीक्षा सोपी आहे. दोन बोटें लांबीचा धागा चिमट्यांत धरून, मुलांस दूर ठेवून, वाटीवर पेटवावा. खरी लोंकर केंस जळल्यासारखी वास मारते, आग दूर केली कीं विझते, आणि मागें चुरडली जाणारी राख राहते. कृत्रिम धागा वितळून त्याची कठीण गोळी होते.

मापाकडे वळूं. आंगठा सोडून पंजाचा सर्वांत रुंद भाग जेथें असेल तेथें फितीनें घेर घ्यावा. आणि मनगटापासून मधल्या बोटाच्या टोंकापर्यंत लांबी घ्यावी. परदेशच्या मंडळींस कागदावर पंजा ठेवून पेन्सिलीनें आकृति काढून पाठवावयास सांगितलें तर सर्वांत उत्तम. मग आपल्या लोंकरीचा व सुयांचा एक लहान चौकोन विणून १० सेंटिमीटरांत किती टांके बसतात तें मोजावें. मध्यम जाडीच्या लोंकरीचे सुमारें २२ बसतात असें धरूं. पुढें सरळ त्रैराशिक. दहास बावीस, तर एकोणीस घेराच्या हातास किती? उत्तर ४१.८. चार सुयांवर सारखे वांटतां यावे आणि मोजा किंचित् सैल राहावा म्हणून याच्या पुढची चारच्या पटीची संख्या घ्यावी, म्हणजे ४४. याच रीतीनें १४ सेंटिमीटर घेराच्या लहान मुलास ३२ टांके, आणि २२ घेराच्या पुरुषास ५२. घट्ट मोजा ऊब देत नाहीं. तो हवाही बाहेर घालवितो आणि रक्तही अडवितो.

विणण्याची रीत अशी. टांके घालून चार सुयांवर वांटावे आणि पांचव्या सुईनें वाटोळें विणीत जावें. शिवण राहत नाहीं. मनगटाची पट्टी एक सुलट, एक उलट अशी ५-६ सेंटिमीटर विणावी. ती हातास बिलगून राहते व वारा आंत शिरूं देत नाहीं. पुढें सगळे सुलट. आंगठा जेथें फुटतो तेथें आल्यावर ४४ पैकीं ८ टांके वेगळ्या रंगाच्या दोऱ्यांत ओंवून बाजूस ठेवावे आणि त्यांच्या जागीं सुईवर ८ नवे टांके घ्यावे. उजव्या मोज्यांत हे आठ टांके तळहाताच्या भागाच्या आरंभीं, डाव्यांत शेवटीं. येथें चुकल्यास दोन्हीं मोजे एकाच हाताचे होतात. करंगळीचें टोंक झांकलें कीं प्रत्येक फेरींत दोन्हीं कडांस दोन-दोन असे चार टांके कमी करीत जावें. ४४ चे ८ राहण्यास नऊ फेऱ्या लागतात. मग धागा तोडून त्या आठांतून ओंवून घट्ट ओढावा. शेवटीं आंगठा. दोऱ्यावरचे ८, वरच्या कडेचे ८ आणि दोन्हीं कोपऱ्यांतून एकेक मिळून १८ टांके उचलून नखापर्यंत विणावें आणि तसेंच मिटवावें. प्रौढांच्या एका जोडास सुमारें ८० ते १०० ग्रॅम लोंकर लागते.

आतां घरांतील माणसें. तान्ह्या बाळाच्या मोज्यास आंगठा नसावा आणि तो एकाच रंगाचा असावा. दोन रंगांच्या कामांत आंतून जे मोकळे धागे जातात त्यांत इवलेंसें बोट अडकून आवळलें जाण्याचा धोका असतो. शाळेंत जाणाऱ्या मुलाचे मोजे हटकून हरवतात; म्हणून दोन्हीं मोजे एका दोरीनें जोडून ती दोरी कोटाच्या बाह्यांतून पाठीमागून न्यावी, गळ्याभोंवतीं कदापि नसावी. कन्येस व जांवयास बाहेर पडावें लागतें. हल्लीं भ्रमणध्वनीवर बोट फिरविल्यावांचून वाटही सांपडत नाहीं, तेव्हां तळहाताच्या बाजूस एक फट ठेवली तर मोजा न काढतां बोट बाहेर येईल. विहीणबाई वयस्क, सांधे आंखडले असतील तर मनगटाची पट्टी सैल व लांब असावी, म्हणजे मोजा ओढतांना दुसऱ्याची मदत मागावी लागणार नाहीं. म्हाताऱ्या मनुष्यास ऊब पाहिजेच, पण परावलंबन नको असतें. आणि त्यांचा जोड सर्वांत आधीं विणावा. आपली मुलगी ज्या घरांत आहे त्या घरांतील वडील स्त्रीच्या हाताचें माप विचारणें, याहून सोपी सोयरिकीची भाषा आम्हांस ठाऊक नाहीं.

धुण्याविषयीं कडक सूचना पार्सलांतच घालावी. लोंकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ऊन पाणी, साबण आणि घासणें हीं तिन्हीं एकत्र आलीं कीं ते एकमेकांत अडकतात आणि बापाचा मोजा मुलास होतो. थंड पाणी, सौम्य साबण, न चोळतां दाबून धुणें आणि सावलींत पसरून वाळविणें एवढें पुरे. हाच दोष कोठें कोठें गुण झाला आहे. नॉर्वेचे कोळी मुद्दाम मोठे मोजे विणवून घेत व ते आटवून घट्ट करीत. कांहींस दोन आंगठे ठेवीत, म्हणजे एक बाजू झिजली कीं मोजा फिरवून घालावा. उत्तर स्वीडनमधील लोव्हिक्का गांवीं एरिका आइतामा या बाईनें १८९२ सालीं जाड लोंकरीचे मोजे विणून दिले. गिऱ्हाईकास ते ताठर वाटले, तेव्हां तिनें ते धुऊन, विंचरून मऊ केले, आणि पुढें तोच त्या गांवचा धंदा झाला.

राहिला तिसरा प्रश्न. हा खटाटोप करावा कीं नाहीं. येथें खरें तें सांगितलें पाहिजे. विणलेल्या लोंकरींतून वारा आरपार जातो. शून्याखालीं वीस अंशांत, वारा सुटला असतां, केवळ घरचे मोजे पुरणार नाहींत. त्यांवर वारा अडविणारें विकतचें कवच हवें. तेव्हां दुकानाशीं स्पर्धा करूं नये, वांटणी करावी. कवच दुकानाचें, अस्तर घरचें. ज्यास हें मान्य आहे त्यानें अवश्य विणावें. पैसे वांचतील म्हणून नव्हे, कारण चांगल्या लोंकरीच्या भावांत ते वांचत नाहींत. तर पांच माणसांच्या हातांचा पांच वेगळ्या प्रकारें विचार करण्याची संधि दुकानांत मिळत नाहीं म्हणून.

मात्र दोन अटी. पहिली अट ही कीं, हें काम एकट्या बाईच्या गळ्यांत पडूं नये. सुया म्हणजे बायकांचें काम ही समजूत जुनी नाहीं. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपांतील विणकाऱ्यांच्या श्रेणी पुरुषांच्या होत्या, आणि उस्ताद होण्यास परीक्षा द्यावी लागे. पेरू देशांतील ताकीले बेटावर आजही टोप्या विणतात ते पुरुषच. तेव्हां घरांतील सेवानिवृत्त मंडळींनीं निदान लोंकरीची लड गुंड्यांत गुंडाळावी, टांक्यांचा हिशेब मांडावा. आणि नातवांनीं, मुलगे असोत वा मुली, सुलट-उलट शिकावें. दुसरी अट विणणारीसाठीं आहे. पत्रांतील यादींत पांच माणसें आहेत. यादी करणाऱ्या आईचें नांव तींत नाहीं. सर्वांच्या हातांचीं मापें घेणारी आपला हात मापावयास विसरते, हें आम्हीं घरोघर पाहिलें आहे. कन्येच्या घरीं हिंवाळ्यांत जाण्याचा योग कधीं तरी येईलच. सहावा जोड विणावा, आणि तो इतरांच्या उरलेल्या लोंकरीचा नसावा.

कामास आरंभ केव्हां करावा हें सांगून पुरें करतों. रोज दुपारचा एक तास दिला तर सवयीच्या हातास एका जोडास दोन आठवडे लागतात. सहा जोडांस तीन महिने. आषाढांत लोंकर आणून चौकोन विणून पाहावा, श्रावणांत विहीणबाईंचा जोड सुयांवर चढवावा, म्हणजे आश्विन सरतां सरतां सर्व काम हातावेगळें होईल आणि पहिल्या बर्फाच्या आधीं पार्सल पोंचेल. मुलांचीं मापें मात्र सर्वांत शेवटीं मागवावीं. तीन महिन्यांत त्यांचे हात वाढलेले असतात.